अवतार २ : गोष्ट विसरले, मासा लक्षात राहिला (स्पॉयलर आहेत, सांभाळून)

खिडकीपाशी | २० डिसेंबर २०२२

रविवारी अवतारचा दुसरा भाग बघून आलो. लिहू की नको असं चाललं होतं कारण चित्रपटांच्या कॉमन धाग्यावर चार जणांनी ऑलरेडी 'स्टोरी नाही' म्हणून निकाल लावलाय, पण घरात दोन दिवस तोच विषय चालू आहे, म्हटलं वेगळा धागाच काढावा.

मी काही जाणकार वगैरे नाही. पहिला भाग २००९ च्या डिसेंबरात आला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, ऑफिसच्या ग्रुपबरोबर पाहिला होता. आता जाताना रिक्षात मुलाने विचारलं पहिल्या भागात काय झालं होतं, तर नवरा आणि मी मिळून एवढंच सांगू शकलो की निळे लोक, एक मोठ्ठं झाड, ते पाडतात, आणि व्हीलचेअरवाला शेवटी निळा होतो. हिरोचं नाव जेक. आडनाव आठवेना. हिरॉइनचं 'न' वरून काहीतरी. जगात सगळ्यात जास्त गल्ला जमवलेला सिनेमा आणि दोन सुशिक्षित माणसांच्या डोक्यात त्याचं शिल्लक हे एवढंच!

त्यात रविवारी रात्री साडेआठला अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, त्यामुळे नवऱ्याची अट की दुपारचाच शो. सिनेमा १९२ मिनिटांचा, वर जाहिराती, वर इंटरवल, तो आत बसल्यापासून घड्याळच बघत होता. आणि आमच्याबरोबर सासूबाई. वय ७१. सासूबाई थेटरात झोपतात, हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य आहे, दिवे गेले की दहाव्या मिनिटाला मान खाली. त्यांच्यासाठी हिंदी शो घेतला. चष्म्यावर चष्मा चढवून बसल्या आणि पहिला तासभर, जंगलातली पळापळ चालू होती तोपर्यंत, ठरल्याप्रमाणे झोपल्या.

मग ते कुटुंब जंगल सोडून समुद्राकाठच्या लोकांकडे आसऱ्याला येतं. तिथून पुढे बाई जाग्या, त्या शेवटपर्यंत! ते पाणी काय आहे हो. कॅमेरा अर्धा पाण्यात अर्धा वर, त्या सीमारेषेवर पोरांच्या ओल्या खांद्यावरून थेंब ओघळतात ते बघताना मला आपोआप स्वतःचा दंड पुसावासा वाटला. सगळ्यात धाकटी टुक पहिल्यांदा बुडी मारते तेव्हा शेजारच्या रांगेतलं एक बाळ मोठ्याने 'पाणीऽऽ' म्हणालं आणि सगळं थेटर हसलं.

नंतर तो पायाकन. टुलकुन म्हणजे तिथले देवमासे, आणि हा त्यांच्यातून वाळीत टाकलेला, कारण टुलकुननी कधी कुणाला मारायचं नाही असा नियम आणि याने सूड घेतलेला. तो आणि धाकटा मुलगा लोआक यांची दोस्ती. आणि मग ती शिकार, पिल्लामुळे हळू पोहणारी आई मुद्दाम निवडतात, तिला फुगे बांधून वर आणतात... सासूबाईंनी दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले.

घरी येताना फायनलच्या गडबडीत नवरा रिक्षावाल्याला घाई करतोय आणि मागून यांचा प्रश्न, "अगं पण त्या माशाचं पुढे काय झालं? बोट फोडली, त्या दुष्टाचा हात तोडला, आणि मग गेला कुठे?" मी डोक्याला ताण दिला, खरंच आठवेना. इथे कुणाला माहितेय?

लिंबूटिंबू | २० डिसेंबर २०२२

रुमाल टाकतोय, शुक्रवारचं बुकिंग आहे, तोवर स्क्रोल करताना एक डोळा मिटून वाचणार.

शंकासुर | २० डिसेंबर २०२२

मासा कुठे गेला ते सांगतो. जिथे समुद्रकाठचे ते अख्खे गाववाले गेले तिथेच गेला. आठवा, शेवटच्या लढाईला सगळी जमात लाटांवर स्वार होऊन जोशात येते, पोरं बोटीवर ओलीस असतात म्हणून थांबते, मग पायाकन हल्ला करतो, धुमश्चक्री सुरू होते, आणि त्यानंतर बराच वेळ बुडत्या बोटीत फक्त जेकचं कुटुंब आणि तो व्हिलन कर्नल क्वारिच. बाकीचे घरी जेवायला गेले बहुतेक. तीन तासांच्या सिनेमात एवढं एक वाक्य टाकायला वेळ नव्हता?

मी त्या चारांपैकी एक आहे ज्यांनी 'स्टोरी नाही' लिहिलं त्यामुळे स्पष्टच बोलतो. हा पहिलाच भाग आहे, पाण्यात घालून परत दिलाय. पहिल्यात मेलेला क्वारिच निळ्या शरीरात आठवणी भरून परत आणलाय, म्हणजे नवा व्हिलन लिहायचे कष्टही वाचले. पोरं किती वेळा पकडली जातात मोजलं का? शेवटी ती चिमुरडी स्वतःच वैतागून म्हणते की मला परत बांधलं यांनी. लेखकालाही कळलंय आणि तरी बदललं नाही. पहिल्या भागात ज्या खनिजासाठी एवढं महाभारत झालं त्याबद्दल आता कुणी चकार शब्द काढत नाही. दिसतं सुंदर, मान्य, पण मग मी ॲक्वेरियममध्ये जाईन की, तिकीटही कमी लागेल.

खिडकीपाशी | २० डिसेंबर २०२२

@शंकासुर, एवढा वेळ गायब हे बरोबर वाटतंय. सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या 'गाववाल्यांचं ठीक आहे, त्यांना घरदार आहे, माशाने जायला नको होतं'.

पानवाचक | २१ डिसेंबर २०२२

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. धाग्याचं शीर्षक बदलावं.

लिंबूटिंबू | २१ डिसेंबर २०२२

आला! मी वाटच बघत होतो. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

खिडकीपाशी | २१ डिसेंबर २०२२

नावातच मासा आहे त्याला मी काय करू. आणि तो पँडोराचा, म्हणजे सिनेमातल्या त्या जगाचा आहे, तिथले नियम वेगळे असतील.

तिसरी घंटा | २१ डिसेंबर २०२२

स्टोरीवर नंतर भांडू, आधी एक तक्रार जी इथे कुणी केली नाही पण माझ्याबरोबरच्या तिघांनीही केली, की मधेच सिनेमा 'सीरियलसारखा' दिसतो. तर ते डोळ्यांचे भास नाहीत. नेहमीचा सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, यात पाण्याखालचे आणि मारामारीचे बरेच सीन ४८ फ्रेमचे आहेत. फ्रेम वाढल्या की हालचालीतला पुसटपणा जातो, थ्रीडीत डोळ्यांवर ताण कमी येतो, पण आपल्या डोळ्यांना सिनेमा म्हणजे तो पुसटपणाच वाटत आलाय, त्यामुळे एकदम टीव्हीवरची क्रिकेट मॅच बघितल्यासारखं होतं. २०१२ साली हॉबिट हा सिनेमा अख्खा ४८ मध्ये काढला होता आणि लोकांनी नावं ठेवली होती. दिग्दर्शक कॅमेरॉनने मधला मार्ग काढला, बोलण्याच्या सीनमध्ये तीच फ्रेम दोनदा दाखवायची म्हणजे २४ सारखं दिसेल. पाण्याखाली मला ते प्रचंड आवडलं, पण एकाच प्रसंगात एक शॉट असा पुढचा तसा झाला की लाईट गेल्या-आल्यासारखं वाटतं, आणि ते चूकच आहे माझ्या मते. जपानात म्हणे काही थेटरांत या फ्रेमरेटने प्रोजेक्टरच बंद पडले आणि लोकांना पैसे परत द्यावे लागले.

आता पाण्याबद्दल. ॲक्टर लोक खरंच पाण्यात होते. मोठी टाकी बांधली, तिच्यात लाटा आणि प्रवाह तयार करायची सोय, आणि सगळ्यांना श्वास रोखून बुडी मारायचं ट्रेनिंग. ऑक्सिजनची नळकांडी का नाहीत, तर बुडबुडे. मोशन कॅप्चरचे, म्हणजे ॲक्टरच्या हालचाली टिपणारे कॅमेरे अंगावरच्या खुणा वाचतात, त्यांना बुडबुडाही खूणच वाटते. वरून येणारा उजेड पाण्यात चमकून गोंधळ घालू नये म्हणून अख्ख्या पृष्ठभागावर छोटे छोटे पांढरे बॉल तरंगत सोडले होते, त्यातून माणूस वर डोकं काढतो ते बिहाइंड द सीन्समध्ये बघा, साबुदाण्याच्या पातेल्यातून वर आल्यासारखं दिसतं. केट विन्स्लेटने सात मिनिटांच्या वर श्वास धरला. आणि जेकची ती चौदा वर्षांची दत्तक मुलगी किरी आहे ना, ती सिगर्नी वीव्हर आहे, वय वर्षं ७३.

दोन फुल एक हाफ | २१ डिसेंबर २०२२

थांबा, किरी ७३ वर्षांची आहे??? मी बायकोला सांगत होतो बघ ही पोरगी किती नॅचरल काम करते, पुढे मोठी स्टार होणार.

लिंबूटिंबू | २४ डिसेंबर २०२२

बघून आलो. आईबरोबर. ट्रेलर बघूनच तिची पहिली कमेंट 'काय हा अवतार' आणि मला वाटतं पूर्ण महाराष्ट्रात प्रत्येक घरात हा विनोद एकदा झालाच असणार, लहानपणापासून केस न विंचरता बाहेर आलो की हेच ऐकलंय. इंग्रजीसकट सहा भाषांत लागलाय भारतात, हिंदी तमिळ तेलुगू कन्नड मल्याळम, नाव संस्कृत, आणि मराठीला घंटा. ते एक असो.

पण देवमाशाच्या मेंदूतून जो पिवळा द्रव काढतात, ज्याने माणसाचं म्हातारपण थांबतं, त्याचं नाव 'अमृता'. एक कुपी आठ कोटी डॉलर. आईला हे हिंदीत नीट ऐकू आलं आणि ती ताडकन म्हणाली, समुद्रातूनच निघालं होतं ना ते, मग आता हलाहल कोण पिणार? मी पॉपकॉर्न बाजूला ठेवला. एवढं कॅमेरॉनलाही सुचलं नसेल.

कोकणमेवा | २४ डिसेंबर २०२२

हा धागा गेले चार दिवस नुसता वाचतोय पण अमृताचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मालवणकडचा. तुम्हाला ते काल्पनिक वाटलं असेल, मला पेपर वाचल्यासारखं वाटलं. गेल्या दोन-तीन वर्षांत 'व्हेल माशाची उलटी जप्त, इतक्या कोटींचा माल' ही बातमी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पुणे, कुठून कुठून आली नाही सांगा. तेच ते अंबरग्रीस. उलटी म्हणतात पण ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, माकुल (स्क्विड) खाल्ल्यावर त्याच्या टणक चोची पचत नाहीत त्याभोवती साचत जातं, आणि अत्तरात वास टिकावा म्हणून वापरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली बाळगणं-विकणं गुन्हा आहे तरी किनाऱ्यावर कुणाला मेणासारखा गोळा सापडला की लगेच व्हॉट्सॲपवर भाव सुरू. बहुतेक वेळा मेणच निघतं.

आणि डोक्यातून काढायचा तो द्रव, तोही खरा होता. स्पर्म व्हेलच्या डोक्यात तेल असतं, त्याच्या मेणबत्त्या आणि दिवे करायचे, यंत्रांनाही ते घालायचे. त्यासाठी शंभर-दोनशे वर्षं मारत सुटले होते. पिल्लू आधी गाठायचं म्हणजे आई सोडून जात नाही, ही युक्तीपण खरी. मारलेला व्हेल बुडू नये म्हणून हवा भरायची, तीपण खरी. १९८६ पासून धंद्यासाठी व्हेल मारायला जगभर बंदी आली, काही देश ती मानत नाहीत. म्हणजे त्या अर्ध्या तासात कॅमेरॉनने बोट आणि सबमरीन सोडलं तर काहीच बनवलेलं नाहीये. मी बरोबरच्या पोरांना हे सांगायला गेलो तर म्हणतात काका गप्प बसा पिक्चर बघू द्या.

पाण्याखालचं म्हणाल तर, तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना पाणी एवढं निवळ नसतंच, पण खाली बघताना कान बंद होऊन स्वतःचा श्वासच ऐकू येतो ना, ते थेटरात आलं. किरी वाळूत तोंड जवळ नेऊन नुसती बघत पडलेली असते तो सीन मी परत बघायला जाईन.

खिडकीपाशी | २४ डिसेंबर २०२२

कोकणमेवा, काय लिहिलंयत! सासूबाईंना अख्खा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या दापोलीच्या माहेरवाशीण. म्हणाल्या लहानपणी किनाऱ्याला एकदा असा मेलेला लागला होता, अख्खं गाव बघायला गेलं होतं, वासाने दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.

शंकासुर | २५ डिसेंबर २०२२

कोकणमेवांचा प्रतिसाद सिनेमापेक्षा चांगला आहे, हे माझ्याच मुद्द्याला बळ देतं. माझं म्हणणं आहे की हाच सिनेमा हवा होता. टुलकुनची शिकार, वाळीत टाकलेला पायाकन, अहिंसेचा नियम मोडल्याची शिक्षा, याच्यावर तीन तास काढा ना, मी आनंदाने बसेन. त्याऐवजी परत तो कर्नल आणि सूड.

वेलिंग्टनकर | २७ डिसेंबर २०२२

इकडे न्यूझीलंडमध्ये हा जवळजवळ घरचा सिनेमा आहे. इफेक्ट्सचं मुख्य काम वेटा कंपनीने केलं, ती इथलीच, आणि खऱ्या माणसांचं शूटिंगही वेलिंग्टनला झालं. २०२० साली देशाच्या सीमा बंद असताना कॅमेरॉन आणि टीमला खास परवानगीने विमान करून येऊ दिलं, चौदा दिवस हॉटेलात क्वारंटाईन. तेव्हा इथे बरीच चिडचिड झाली होती, लोकांचे आईबाप अडकले होते बाहेर (माझेपण, डोंबिवलीत) आणि यांना बरं येता येतं. थेटरात बसताना तो राग माझ्या डोक्यात होता थोडा, खोटं का बोला.

इथल्या माओरी (इथले मूळनिवासी) मित्रांमध्ये दोन तट आहेत. समुद्रकाठची ती मेटकायिना जमात, चेहऱ्यावरचं गोंदण, जीभ काढून डोळे वटारणं, हे सगळं त्यांच्याकडून उचललंय. त्यांच्या सरदाराचा रोल क्लिफ कर्टिसने केलाय, तो माओरी आहे, त्याचा अभिमान आहे. पण बायकोचा रोल केट विन्स्लेटला का, हा प्रश्नही आहे. अमेरिकेत काही मूळनिवासी लोकांनी तर बघूच नका म्हणून आवाहन केलं. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण म्हणाली, आमची गोष्ट आमच्यापेक्षा जास्त बजेटमध्ये दुसऱ्याने सांगितली, आणि च्यायला रडू तर आलं. मी यावर काय बोलणार.

पानवाचक | २७ डिसेंबर २०२२

'मासा' शब्दाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे पण चर्चा चांगली चालली आहे. एक भर घालतो. पहिल्याचे संगीतकार जेम्स हॉर्नर २०१५ मध्ये विमान अपघातात गेले, यात सायमन फ्रँग्लेनने काम केलंय, तो हॉर्नरबरोबर काम करायचा. जुनी सुरावट मधूनमधून येते तेव्हा मला पहिला भाग एकदम आठवला, गोष्ट नाही, ते थेटर, थ्रीडी चष्मा, शेजारी कोण बसलं होतं, ते सगळं.

दोन फुल एक हाफ | ३० डिसेंबर २०२२

चौदा दिवसांत शंभर कोटी डॉलर!! आता बोला. आठवतंय का रिलीजच्या आधी सगळे काय म्हणत होते, तेरा वर्षांनी कोण बघणार, नावं कुणाला आठवत नाहीत, एवढे पैसे लावलेत की कॅमेरॉन स्वतःच म्हणाला इतिहासातला तिसरा-चौथा सर्वात जास्त कमावणारा सिनेमा झाला तरच पैसे सुटतील. अहो त्यात ती जनरल झालेली बाई आहे ना, ईडी फाल्को, तिने चार वर्षांपूर्वी काम केलं होतं आणि तिला वाटलं सिनेमा येऊन पडूनपण गेला! म्हणजे सिनेमात काम करणाऱ्यालाच गाजावाजा ऐकू आला नाही आणि इकडे आम्हाला शनिवारचं तिकीट मिळत नव्हतं.

माझं विश्लेषण (फुकट आहे घ्या). आमच्या बिल्डिंगमधून जे गेले त्यांच्यातल्या कुणीही स्टोरीसाठी तिकीट काढलं नाही. १९९८ ला छोटा चेतन लागला होता तेव्हा बाबा घेऊन गेले होते, गोष्ट काय होती विचारा, शून्य, पण अंगावर आलेली वस्तू पकडायला अख्खं थेटर हात पुढे करत होतं ते पक्कं लक्षात आहे. शंकासुर तुम्ही लग्नाला जाऊन मंत्रांचे अर्थ विचारणाऱ्यातले आहात.

शंकासुर | ३० डिसेंबर २०२२

मंत्र समजले तर बिघडतं का? आणि लग्नात जेवण असतं, इथे पॉपकॉर्नला वेगळे पैसे.

खरं सांगायचं तर आज परत गेलो होतो. पुतण्याला घेऊन. हो हो, माहितेय, हसा. पहिल्यांदा ज्या थेटरात पाहिला तिथला पडदा मरणाचा अंधारा होता, थ्रीडी चष्मा मुळातच बराच उजेड खातो, त्यात चष्म्यावर कुणाच्या तरी बटरचे बोट. आज चांगला पडदा होता. अर्धा सिनेमा मी मागच्या वेळी पाहिलाच नव्हता असं वाटलं. कथेबद्दलचं माझं एकही वाक्य मागे घेत नाही. पण मोठा मुलगा जातो आणि आई ओरडते तो आवाज मागच्या वेळी माझ्यापर्यंत पोचला नव्हता, आज पोचला. आणि लगेच ती कर्नलच्या पोराच्या, त्या स्पायडरच्या गळ्याला सुरी लावते, स्वतःचं पोर गेलं म्हणून दुसऱ्याचं पोर, ते मात्र लिहिणाऱ्याने हिमतीने लिहिलंय. एवढंच.

तिसरी घंटा | ३० डिसेंबर २०२२

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दोन फुल एक हाफ | २४ जानेवारी २०२३

धागा वर काढतोय. दोनशे कोटी डॉलर पार, परवाच. आणि ऑस्करची चार नॉमिनेशन्स, त्यात बेस्ट पिक्चरपण, मात्र कॅमेरॉनला दिग्दर्शनाचं नाही.

वेलिंग्टनकर | १३ मार्च २०२३

तुम्ही सगळे नाटू नाटूवर नाचत असाल (आम्हीपण नाचलो, ऑफिसात, भर दुपारी) पण व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर अपेक्षेप्रमाणे अवतारला आलं. इकडे आनंदीआनंद. बाकीची तीन हुकली.

पानवाचक | १३ मार्च २०२३

अभिनंदन. पायाकनचा उल्लेख कुणी केला का भाषणात?

लिंबूटिंबू | १३ मार्च २०२३

पानवाचक पण माशाच्या प्रेमात!!

पानवाचक | १३ मार्च २०२३

सस्तन प्राण्याच्या.

कोकणमेवा | ११ जून २०२३

आता ओटीटीवर आलाय म्हणून काल घरी लावला. ४३ इंची टीव्ही, ट्यूबलाईट चालू, बाहेर पाऊस यायच्या आधीचा वारा, मधे दोनदा लाईट गेली. पायाकन बांगड्याएवढा दिसतो हो. पहिल्या तासात घरचे सगळे मोबाईलवर. आणि शंकासुर म्हणतात ते सगळं दिसायला लागतं, पोरं परत पकडली, कर्नल परत आला, हे परत, ते परत. मी बंद करणार होतो, पण शिकारीचा भाग आला आणि बाबा, जे पन्नास वर्षं होडीवर गेलेत आणि टीव्हीवर फक्त बातम्या बघतात, ते आतून येऊन उभे राहिले. संपेपर्यंत बसले नाहीत. मग म्हणाले, आमच्या होडीच्या बाजूने एकदा असा गेला होता, रात्रीचा, आम्ही इंजिन बंद करून ठेवलं होतं. आणि झोपायला गेले.

खिडकीपाशी | ११ जून २०२३

आमच्याकडेही कालच झाला. सासूबाईंनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला, जंगल पळवलं, कर्नल पळवला, मारामारी पळवली. सगळे मिळून पाऊण तास पाहिला असेल. शेवटची लढाई मात्र दोनदा मागे नेऊन बारकाईने बघितली.

मासा येतो की परत! जेक आणि लोआकला पाण्यातून वर काढायला.